तिकिटं घटली म्हणजे प्रवास घटला का?

लातूरकडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती भूगोलात एम.ए. करतेय आणि तिच्या प्रबंधाचा विषय आहे महामारीत गावागावांमधला प्रवास कसा बदलला. दोन एसटी आगारांचे २०१९ ते २०२२ चे महिनावार प्रवासी आकडे तिनं खटपट करून मिळवलेत, जोडीला फोनच्या ठिकाणांवरून गूगलनं काढलेले हालचालीचे जिल्हावार टक्के आहेत. आलेख काढला तर तीन खड्डे दिसतात. एक २०२० च्या एप्रिलचा, दुसरा २०२१ च्या एप्रिल-मेचा, आणि तिसरा २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढचा, तोही चांगला खोल. सर विचारतात, ही घट भीतीची की बंदीची? आणि ती विचारतेय, हे आकड्यांवरून सांगता येतं का?

मी एसटीत ३१ वर्षं काढली. वाहक म्हणून लागलो, मग वाहतूक नियंत्रक झालो आणि शेवटची काही वर्षं बार्शीच्या बाजूला वाहतूक निरीक्षक होतो. संशोधन वगैरे आपण केलेलं नाही. पण ज्या आकड्यांवर तुम्ही प्रबंध लिहिताय ते जिथं तयार होतात तिथं मी बसलेलो होतो. त्यामुळे थोडं लांबण लागेल, वाचून घ्या.

आधी तो तिसरा खड्डा बुजवून टाकू. तो कोरोनाचा नाही, एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाचा आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला संप सुरू झाला, नोव्हेंबरात राज्यभर गाड्या उभ्या राहिल्या, आणि २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा असं उच्च न्यायालयानं सांगितल्यावर सगळे परतले. मध्येच जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली नि गेली, तिचं एसटीच्या आकड्यांत काहीही वाचता येणार नाही. त्यात २६ ऑक्टोबर २०२१ पासून तिकीटदर १७.१७ टक्क्यांनी वाढले होते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: ऑक्टोबर २०२१ ला उभी रेघ मारा आणि त्यापुढचं महामारीच्या हिशोबात धरू नका. ही एक रेघ मारली नाही तर तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे सर पहिल्या पाच मिनिटांत तिथंच बोट ठेवतील.

आता मूळ प्रश्न. तुमच्या हातात जे आहे तो प्रवास नाही. आमच्या गाडीत, वाहकाच्या मशीनमधून, पैसे देऊन निघालेलं तिकीट आहे. माणूस मोटारसायकलवर गेला, वडापच्या जीपला लटकून गेला, दुधाच्या टेम्पोत कॅनमागं बसून गेला, चालत गेला, तर तुमच्या लेखी तो घरीच बसलाय. एरवी याचं फारसं बिघडत नाही, कारण कोण कशानं जातो याची वाटणी वर्षानुवर्षं साधारण तीच राहते. महामारीत नेमकी ही वाटणीच विस्कटली. त्यामुळे प्रवास किती घटला हे विचारण्याआधी कोणता प्रवास टिकला, कोणता दुसऱ्या वाहनावर गेला आणि कोणता खरोखर थांबला, हे वेगळं करावं लागतं.

एप्रिल-मे २०२० घ्या. तुमच्या आलेखात ते दोन महिने जवळजवळ शून्य. पण मे महिन्यात आमचे चालक अक्षरशः देशाच्या निम्म्या वाटेवर होते. ९ मेपासून एसटीनं परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडायला सुरुवात केली. मध्य प्रदेशच्या बाजूला बिजासन घाटापर्यंत गाड्याच्या गाड्या लागल्या. त्या आधी एप्रिलच्या अखेरीस कोट्याला अडकलेली मुलं आणायला धुळ्याहून गाड्या गेल्या होत्या. यातल्या एकाही मजुराला तिकीट नव्हतं, म्हणून ही सगळी माणसं तुमच्या प्रवासी संख्येत कदाचित नसतीलच. रेल्वेचंही तसंच. नेहमीच्या प्रवासी गाड्या २२ मार्चपासून बंद, पण १ मेपासून श्रमिक विशेष सुरू झाल्या (आपल्याकडची पहिली नाशिकहून भोपाळला गेली) आणि ऑगस्टअखेर देशभरात ४,६०० च्या वर गाड्यांतून ६३ लाख माणसं गेली. जे याच्याही बाहेर राहिले ते पायी निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेलेले १६ मजूर जालन्याहून भुसावळकडे चालले होते, ते कुठल्याच तक्त्यात प्रवासी म्हणून नाहीत.

आणि ऊसतोड कामगार. मार्चमध्ये पट्टा (म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपणं) अजून पडायचा होता, तेवढ्यात टाळेबंदी आली. बीड-उस्मानाबाद-नगरकडचे लाखाच्या वर तोडकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकले, आणि १७ एप्रिलला सरकारनं त्यांना गावी जायची परवानगी दिली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार, शेळ्या, पोरं. आमच्या नाक्यावरून त्या रात्री किती ट्रॉल्या गेल्या हे कुणी मोजलं नाही. हे लोक एरवीही एसटीनं फारसे येत-जात नाहीत, पण तुमच्या भागात ‘दोन गावांमधला प्रवास’ म्हटलं की पहिल्यांदा तेच आठवायला हवेत.

आता दिशेबद्दल. बेरीज केली की दिशा मरते. २०२० च्या मार्चचा तिसरा आठवडा मला चांगला आठवतो. पुण्यात ९ मार्चला पहिले रुग्ण सापडले होते, शाळा-कॉलेजं बंद झाली होती. आमच्याकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या रिकाम्या. वाहक येऊन सांगायचा, "साहेब, कुर्डुवाडीपर्यंत चौघं होते, पुढं मी आणि ड्रायव्हर." तीच गाडी परत यायची तेव्हा दार लागत नव्हतं. छतावर गाद्या, पंखे, एकानं तर कुलर बांधून आणलेला. दोन्ही दिशांची सरासरी काढा, भारमान, म्हणजे आसनं किती टक्के भरली ते, जवळजवळ नेहमीसारखं दिसेल! म्हणजे त्या आठवड्यात आकडा सांगतो ‘काही झालं नाही’, आणि प्रत्यक्षात माणसं घर हलवत होती. म्हणून महिनावार बेरजेवर थांबू नका. निदान मार्च २०२० आणि एप्रिल २०२१ हे दोन महिने तरी दिवसवार आणि जाण्या-येण्याचे वेगळे मागा.

जाता जाता: शहर सोडून गावाकडं पळणं आपल्याला नवं नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसं आगगाडीनं आणि बोटीनं गावाकडं गेली, आणि पाठोपाठ स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. १८९७ चा साथरोग कायदा त्याच धांदलीतला. मार्च २०२० मध्ये राज्यानं जो कायदा लागू केला तो हाच. सव्वाशे वर्षांनी कलमं तीच आणि माणसाची पहिली हालचालही तीच.

आता तुमच्या सरांचा प्रश्न, भीती की बंदी. याला एक चांगली जागा सापडते, ती सांगतो. २२ मे २०२० पासून आम्हाला रेड झोन सोडून जिल्ह्याच्या आत, निम्म्या आसनांवर गाड्या चालवायला परवानगी मिळाली. जिल्ह्याबाहेर नाही. २० ऑगस्टला आंतरजिल्हा एसटी सुरू झाली आणि प्रवाशाला ई-पास लागणार नाही असं जाहीर झालं. पण खासगी गाडीला ई-पास २ सप्टेंबरपर्यंत लागतच होता. म्हणजे जवळपास १३ दिवस असे होते की एसटीला मोकळीक आणि स्वतःच्या कारला बंदी. लोक केवळ बंदीमुळे घरी असते, तर त्या १३ दिवसांत आमच्या गाड्यांवर उड्या पडायला हव्या होत्या.

पडल्या नाहीत. पहिल्या दिवशी फलाटावर हार घालून गाडी काढली. २२ माणसं बसवायची मुभा, निघाली सात घेऊन. त्यातले दोघं आमच्याच खात्यातले.

लगेच ‘मग भीती होती’ असं लिहून मोकळं होऊ नका, मीही त्या वेळी तसंच म्हणालो होतो. नंतर विचार केला की ते लोक जाणार कुठं होते? शाळा बंद, कॉलेज बंद, आठवडी बाजार बंद, देवळं बंद, कोर्टात तारखा नाहीत, लग्नाला ५० माणसांची मर्यादा. दोन गावांमध्ये माणूस उगाच जात नाही. प्रत्येक मोठ्या गावाला चार-सहा ओढी असतात. दवाखाना ही एक, बाजार दुसरी, मग कॉलेज, कचेरी, देव, आणि सोयरे. बार्शीची मोठी ओढ दवाखान्यांची. तुमच्या लातूरची शिकवण्यांची. तुळजापूर-पंढरपूरची देवाची. महामारीनं या ओढी एकेक करून तोडल्या आणि एकेक करून परत जोडल्या, त्याही वेगवेगळ्या तारखांना. म्हणून मी तिसरा पर्याय ठेवेन: भीती, बंदी, आणि कामच नसणं. हा तिसरा माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा होता आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं.

तपासायचं कसं? तारखा मांडा. १८ सप्टेंबर २०२० ला एसटीला पूर्ण आसनं भरायची परवानगी. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावी, तेही जिथं स्थानिक प्रशासनानं मान्यता दिली तिथं. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी. प्रत्येक तारखेनंतर कोणत्या मार्गावर किती चढ आला ते बघा. आमच्याकडं १८ सप्टेंबरनं फारसा फरक पडला नाही, कारण निम्मी आसनंच भरत नव्हती, पूर्ण मोकळी करून काय होणार. पण दिवाळीत बघा काय झालं. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, १६ नोव्हेंबरला. मार्चनंतर पहिल्यांदा आमच्या गाडीत उभे प्रवासी दिसले ते त्या दिवशी. मास्क हनुवटीवर, मांडीवर पोर, पिशवीत फराळाचा डबा. बाजाराला जायला घाबरणारी बाई माहेरी जायला घाबरली नाही. धोका तिला कळत नव्हता अशातला भाग नाही. आठ महिने आई बघितली नव्हती, त्यापुढं तो धोका तिला लहान वाटला, इतकंच. म्हणून भीती सगळ्या प्रवासांवर सारखी बसवू नका.

खरी भीती आकड्यांत पकडायची असेल तर एक युक्ती सांगतो. मशीनमध्ये प्रत्येक तिकिटाचा प्रकार नोंदला जातो: पूर्ण, अर्धं, ज्येष्ठ नागरिक सवलत, पास, आणि बाकीच्या सवलती. ६५ च्या वरच्यांनी आणि १० वर्षांखालच्या मुलांनी घरी राहावं अशा सूचना केंद्राच्या आदेशांत होत्या. तेव्हा एखाद्या मार्गावर पूर्ण तिकिटं निम्म्यापर्यंत परत आली, पण ज्येष्ठांची आलीच नाहीत, तर तो फरक भीतीचा किंवा सल्ला पाळण्याचा धरायला हरकत नाही. ज्येष्ठांची कामं, म्हणजे बँक, पेन्शन, दवाखाना, यातली बरीच चालूच होती. बंदी दोघांना सारखी होती. उरतं ते वय. हे कोष्टक मी स्वतः काढलेलं नाही, निवृत्तीनंतर सुचलं. तुम्ही काढलंत तर मला बघायला आवडेल.

आता जिल्ह्याच्या सीमेचं. या विषयात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. २३ मार्च २०२० ला जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. कागदावर हे स्वच्छ दिसतं, प्रत्यक्षात जिल्हा ही महसूल खात्याची रेघ आहे, माणसांच्या जगण्याची नाही. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, परांडा, भूम हे तालुके तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. पण परांड्याच्या माणसाचा डॉक्टर बार्शीत, आडत बार्शीत, पोराचं कॉलेज बार्शीत, लग्नाचा बस्ताही बार्शीत. तहसीलदार तेवढा परांड्याला. सीमा बंद झाली तेव्हा त्या माणसाला ‘आपल्या’ जिल्ह्याच्या गावी जायला मुभा होती, जिथं त्याचं काहीच नव्हतं, आणि पाऊण-एक तासावरच्या बार्शीला यायला बंदी.

मग लोकांनी काय केलं ते सांगतो. जून-जुलैत आमची गाडी सीमेअलीकडच्या शेवटच्या गावापर्यंत जायची. त्या मार्गावर अचानक त्या शेवटच्या गावाची तिकिटं वाढली. शे-दोनशे उंबऱ्याचं गाव, बार्शीहून तिथं जायला एवढी माणसं कुठून आली? एका सकाळी मी स्वतः त्या गाडीनं गेलो. गाडी थांबली, १५-१६ जण उतरले, गावात एकही गेला नाही. सगळे पांदीनं निघाले, ओढा ओलांडला, पलीकडं जीप उभी. तिकडून तसेच काही जण येत होते, त्यातली एक बाई हातात फाइल घेऊन, बरोबर तिचा मुलगा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. नाक्यावर पोलीस सोडायचे, कागद दाखवला की अडवायचे नाहीत, पण दर वेळी अर्धा तास जायचा म्हणून त्यांनी पांदीची वाट धरलेली. मुलगा म्हणाला, "काका, आता पाय पण वळणावर आले." आणि गाडीत बसला.

तुमच्या तक्त्यात हा प्रवास ‘बार्शी तालुक्यातला स्थानिक प्रवास, वाढला’ असा दिसेल. खरा प्रवास आंतरजिल्हा होता, तुकडे पडून गेला. एकाचे दोन प्रवास झाले, अंतर मात्र तेच. उलटही घडत होतं. पूर्वी जो माणूस आठवड्यात तीनदा तालुक्याला यायचा तो एकदाच येऊ लागला आणि औषध, खत, बँक, चष्म्याची काच असं सगळं एका खेपेत उरकू लागला. खेपा तिसऱ्या हिश्शावर आल्या, कामं तेवढीच राहिली. हा माणूस ‘कमी फिरला’ म्हणायचा का, हे तुम्ही ठरवा, पण ठरवलेलं प्रबंधात लिहा.

नियम कधी कधी प्रवासाला अडवत नाही, नुसता सरकवतो, याचं उत्तम उदाहरण कोकणातलं आहे. २०२० ला गणपती २२ ऑगस्टचे. सरकारनं सांगितलं, चाकरमान्यांनी १० दिवस विलगीकरणात राहायचं, १२ ऑगस्टच्या आत पोचा, त्यानंतर येणाऱ्याला ४८ तासांतली चाचणी लागेल. ६ ऑगस्टपासून त्यासाठी एसटीच्या खास गाड्या सोडल्या. दरवर्षी गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत फुटणारी गर्दी त्या वर्षी दहा दिवस आधी सरकली आणि पातळ झाली. एकदा गेलेला माणूस राहिलाही जास्त, कारण १० दिवस तर घरातच काढायचे होते. २०१९ आणि २०२० च्या ‘गणपतीच्या आठवड्याची’ तुलना केलीत तर चुकाल, ऑगस्ट-सप्टेंबर मिळून केलीत तर निदान बरोबर माणसं मोजाल, कारण २०१९ ला गणपती २ सप्टेंबरचे होते.

आता थोडं रोकडं बोलू. तुमच्याकडच्या आकड्यात भारमानाचा स्तंभ असेल. ते कशावर काढलंय ते विचारा. साध्या गाडीला ४४ आसनं. निम्म्याची मर्यादा म्हणजे २२. गाडीत ११ माणसं असतील तर ४४ वर भारमान २५ टक्के, २२ वर काढलं तर ५०. मी दोन्ही पद्धतीचे कागद पाहिलेत, कधी कधी एकाच फाइलमध्ये. दुसरं, उत्पन्न बघून प्रवासी ताडू नका. शाळा बंद होत्या तेव्हा विद्यार्थी पासवाले गायब होते, मुलींचे मोफत पास तर अजिबातच. जे उरले ते पूर्ण तिकिटाचे. त्यामुळे माणशी उत्पन्न वाढलेलं दिसतं आणि वाटतं लोक लांबचा प्रवास करतायत. लांबचा नव्हता, फक्त सवलतवाले नव्हते. पासवाल्यांच्या फेऱ्या आगारानं कशा धरल्या हेही विचारून घ्या, तिकिटासारख्या त्या एकेक मोजल्या जातातच असं नाही. प्रासंगिक कराराच्या गाड्या, म्हणजे वऱ्हाडं, सहली, यात्रा, यांचा हिशोब तर वेगळ्याच रजिस्टरला असतो. ते रजिस्टर २०२० च्या उन्हाळ्यात कोरं होतं. लग्नसराईचा प्रवास किती मेला हे बघायचं तर ती कोरी पानं पुरेशी आहेत.

आणि गाडीच सुटली नाही तर प्रवासी कुठून येणार? ऑक्टोबर २०२० पासून मुंबईत बेस्टच्या मदतीला एसटीच्या गाड्या गेल्या, त्यावर आमच्याकडचे चालक-वाहक पाळीपाळीनं. परत आले की काही जण तपासणीत बाधित निघायचे, संपर्कातले घरी बसायचे. इकडं फेऱ्या रद्द. खेड्यातल्या मुक्कामी गाड्या सगळ्यात आधी गेल्या. तेव्हा ‘प्रवासी कमी’ याच्या शेजारी ‘रद्द किलोमीटर’ हा स्तंभ ठेवलाच पाहिजे. दोन्ही एकदम पडले असतील तर कोण कुणामुळे पडलं हे तुम्हाला खात्रीनं सांगता येणार नाही, आणि तसं लिहायला लाजू नका.

गूगलच्या टक्क्यांबद्दल थोडक्यात. ते ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतल्या त्याच वाराच्या मध्यकाशी तुलना करतात. आपल्याकडं हा हंगाम कोणता? ऊसतोड जोरात, शाळा चालू. त्याच्याशी मे महिन्याची तुलना केली तर उन्हाळी सुट्टीचा नेहमीचा फरकही कोरोनाच्या नावावर जमा होतो. शिवाय त्यातलं ‘ट्रान्झिट स्टेशन’ म्हणजे स्थानकाच्या जागी किती वर्दळ होती. माणूस लातूरहून औशाला गेला की सोलापूरला, हे त्यात नसतं. जिल्ह्यात हालचाल कमी-जास्त झाली एवढंच त्यातून घ्या. फास्टॅगचे आकडे कुणी सुचवले तर सांभाळून. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल २० एप्रिल २०२० पर्यंत बंदच होता, आणि फास्टॅग १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा झाला. त्यानंतरची वाढ गाड्यांची किती आणि सक्तीची किती, हे वेगळं करणं अवघड.

दुसरी लाट पहिलीसारखी नव्हती, हे वेगळं प्रकरण करून लिहा. २२ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून आंतरजिल्हा प्रवास फक्त अत्यावश्यक कामाला, आजारपणाला, अंत्यविधीला. उतरणाऱ्या प्रवाशाच्या हातावर १४ दिवसांचा शिक्का. पहिल्या लाटेत आजार शहरात आणि माणसं गावाकडं पळत होती. दुसऱ्या लाटेत आजार गावात होता आणि गावं शहराकडं धावत होती, ऑक्सिजनच्या खाटेसाठी. हा प्रवास जवळजवळ पूर्ण आमच्या गाड्यांबाहेर झाला. एका रात्री स्थानकासमोर एक पोरगा मोटारसायकल थांबवून विचारत होता, सोलापूरला कुठल्या वाटेनं गेलं तर अडवत नाहीत. पाठीला शाळेचं दप्तर, त्यात थर्माकोलच्या डब्यात बर्फ. रेमडेसिव्हिर आणायला निघालेला, कुणीतरी फोनवर दोन कुपी मिळतील म्हटलं होतं. बार्शी, सोलापूर, परत बार्शी, एका रात्रीत तीन-चार तासांचा प्रवास, आणि एप्रिल २०२१ च्या तुमच्या आलेखात तिथं खड्डा. दुसऱ्या लाटेत लोक ‘घरी बसले’ असं कुणी म्हणालं की मला ते दप्तर आठवतं.

तर तुमच्या सरांना काय सांगायचं? मी असं मांडेन. मार्च ते मे २०२० ची घट बंदीची, त्यात वाद नाही, पण बिनतिकिटाचे लाखो प्रवास त्यात दिसत नाहीत. जून ते ऑगस्टची घट अर्धी बंदीची, अर्धी सीमेनं तुकडे पाडल्यामुळं दिसणारी. सप्टेंबर ते जानेवारीची मुख्यतः काम नसल्याची, ज्येष्ठांपुरती भीतीची. २०२१ च्या उन्हाळ्याची बंदीची आणि वाहन बदलल्याची. त्यानंतरची, ऑक्टोबरपर्यंत, हळूहळू भरत आलेली, पण पूर्ण नाही, कारण दरम्यान बऱ्याच घरांत दुचाकी आली होती आणि मुक्कामी गाडी सगळीकडं परत आली नव्हती. हे बार्शीच्या बाजूचं चित्र. लातूरला शिकवण्यांमुळे वेगळं निघेल. तिथं वसतिगृहं कधी रिकामी झाली आणि क्लास कधी उघडले याच तारखा बहुतेक सगळ्यात वजनदार ठरतील.

शक्य असेल तर आगाराकडून टप्पानिहाय आकडे मागा, कुठून कुठं हे त्यात असतं. आपला एक टप्पा ६ किलोमीटरचा. ४० माणसं १० किलोमीटर गेली काय आणि १० माणसं ४० किलोमीटर गेली काय, किलोमीटरचा गुणाकार सारखाच येतो, गावांच्या दृष्टीनं मात्र दोन्ही गोष्टी पार वेगळ्या. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावानं करा, कॉलेजचं पत्र जोडा, आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी गर्दीमुळे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी तीनच्या सुमाराला जा. आकडे देणारा लिपिक कदाचित नवा असेल, तर त्याच्याऐवजी २०२० ला त्या मार्गावर असलेला एखादा जुना वाहक गाठा आणि त्याला विचारा, कोणत्या गावाची तिकिटं उगाच वाढली होती. तो कागद न बघता सांगेल.